पॉशची गोष्ट आणि एकशे एकेचाळीस फोन

बाई, पॉशची गोष्ट खोटी आहे. संक्रांतीला तुमच्या घरी, तुमच्याच दिवाणावर बसून, हातात तुमचाच तिळगूळ घेऊन मी हे सांगितलं होतं, आणि आज तुम्ही नसतानाही तेच सांगणार आहे. माणूस गेलं की त्याच्या चुकांबद्दल बोलायचं नाही अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही, आणि तुम्हाला तर ती मुळीच चालली नसती. ‘बाईंवर लिहितेयस तर जरा गोड लिही’ असं मला दोघातिघांनी बजावलं. म्हटलं, तुम्ही शिकलात ना बाईंकडे? मग असं कसं बोलता?

सव्वा महिना झाला तुम्हाला जाऊन. अजूनही रविवारी अकरा वाजले की माझा पाय चपलेकडे जातो. नोएडाहून मेट्रोनं तुमच्याकडे गाझियाबादला यायची ती वेळ. तसं पाहिलं तर शेवटचे चार महिने मी आलेच नव्हते, तरीही जातो. ते चार महिने मला अजून सोडत नाहीत. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. बाकी जे काही लिहिणार आहे ते सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं ते पाचवीत. दिल्लीतली मराठी शाळा, आम्हा सगळ्यांचे वडील केंद्र सरकारच्या कुठल्या ना कुठल्या भवनात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि इंग्रजी म्हणजे वडिलांना साहेबासमोर घाम फोडणारी भाषा. तुम्ही वर्गात आलात, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलात आणि त्यात लिहिलंत, ‘डूलॅली’. म्हणालात, “याचा अर्थ डोकं फिरलेला. आणि हा शब्द माझ्या गावचा आहे.” आम्ही बघतच राहिलो. मग तुम्ही सांगितलंत की नाशिकजवळ तुमच्या देवळालीला गोऱ्या सोल्जरांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ते तिथे महिनोन् महिने पडून राहायचे. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी त्यांची डोकी फिरायची, आणि देवळालीचं नाव त्यांच्या तोंडात डूलॅली होऊन थेट इंग्रजीत जाऊन बसलं. “इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं असेल, पण त्यांना वेड लावलं ते आमच्या गावानं,” असं म्हणून तुम्ही जी मान उडवलीत ना! माझी इंग्रजीची भीती त्या दिवशी गेली ती गेलीच.

मग रोज एक शब्द. परीक्षेत कधीही न येणारा, ही तुमची अट. ‘मसल’ म्हणजे लॅटिनमधला छोटा उंदीर, आणि आपला मूषकही त्याच्याच कुळातला. तुम्ही दंड फुगवून दाखवायचात आणि पोरं ओरडायची, “बाई, उंदीर पळाला!” खिडकीशी दंगा करणाऱ्याला “डिफेनेस्ट्रेट करीन हं” अशी धमकी. लॅटिनमध्ये खिडकीला फेनेस्त्रा म्हणतात, म्हणून खिडकीतून बाहेर फेकण्याला हा एवढा भारदस्त शब्द. आणि ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’! आपल्याला कळत नाही त्यातही अक्कल पाजळणारा. चपला शिवणाऱ्या एका माणसानं चित्रातली चप्पल चुकलीय म्हणून सांगितलं, चित्रकारानं ती मुकाट्यानं सुधारली, तर दुसऱ्या दिवशी हा बाबा पायाबद्दलही बोलायला लागला. चित्रकार म्हणाला, चपलेच्या वर जाऊ नकोस. तो शब्द तुम्ही वर्गात सगळ्यात जास्त वेळा मला उद्देशून वापरलात. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

आणि पॉश. दिल्लीत राहून हा शब्द कानावर पडत नाही असा दिवस जात नाही. पॉश कॉलनी, पॉश मार्केट, पॉश लोग. तुम्ही म्हणालात, आज बाक हलवायचे. सगळा वर्ग बोट झाला. तुम्ही कप्तान. विलायतेहून हिंदुस्थानात यायचं तर बोट पूर्वेला चालते, दक्षिणेकडून ऊन येतं, म्हणून पैसेवाले डावीकडची गार खोली घेतात. परत जाताना तेच उलट, गार बाजू उजवीकडे. जाताना पोर्ट म्हणजे डावी बाजू, परतताना स्टारबोर्ड म्हणजे उजवी; ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, त्यांची पहिली अक्षरं पी, ओ, एस, एच, तिकिटावर ठप्पा, आणि झाला पॉश! जानेवारी होता, दिल्लीची हाडं गोठवणारी थंडी, आणि रियाज मुजावर उभा राहून म्हणाला, “बाई, पण आम्हाला तर उन्हाकडची खोली हवी.” तुम्ही इतक्या हसलात की हातातला खडू खाली पडला.

काय सुरेख गोष्ट होती ती. आणि साफ खोटी. असा ठप्पा मारलेलं तिकीट आजवर कुणालाही सापडलेलं नाही. लंडनच्या गल्लीतल्या बोलीत छानछोकी करणाऱ्याला पॉश म्हणत, इतकं कळतं. त्यामागे काय, ते नक्की कुणालाच माहीत नाही.

मी पुढे शालेय पुस्तकांची संपादक झाले तीही तुमच्यामुळेच. तुम्ही निवृत्त झालात आणि मी दर रविवारी यायला लागले. चहा, खारी, आणि त्या आठवड्यात कुणाला कुठला शब्द सापडला त्याची खडाजंगी. तुमचे शब्द कार्डांवर लिहिलेले असायचे, आणि कार्डं म्हणजे लग्नपत्रिका कापून केलेले तुकडे. “इतका जाड, गुळगुळीत कागद टाकून द्यायचा म्हणजे पाप आहे,” असं तुमचं म्हणणं. त्यामुळे तुमच्या ‘जगरनॉट’च्या पाठीवर अर्धाच गणपती, आणि ‘क्वारंटीन’च्या पाठीवर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. तीनशेच्या वर कार्डं झाली तेव्हा मीच म्हटलं की याचं पुस्तक करू. इथली आमची पोरं ना धड मराठी बोलत, ना त्यांना इंग्रजी शब्दांच्या पोटात काय आहे ते ठाऊक. तुम्ही दोन रविवार आढेवेढे घेतलेत आणि दिवाळीत सगळी कार्डं माझ्या हवाली केलीत. “नीट बघ,” म्हणालात. “माझं आहे म्हणून सोडू नकोस.”

मी सोडलं नाही. अहो, मी सोडायला हवं होतं असं नाही म्हणत. पण कधी, कुठे आणि कुणासमोर, याचा विचार करायला काय झालं होतं मला?

संक्रांतीला दरवर्षी तुमच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांचा मेळा. त्या दिवशी तेरा-चौदा जण होते. कुणीतरी सहज विचारलं, “बाई, पुस्तक कधी?” तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. आणि मी पर्समधून लाल शाईच्या फुल्या मारलेली बारा कार्डं काढली आणि म्हटलं, “आधी यातलं खोटं काढायला हवं.” सगळे हसले, त्यांना वाटलं नेहमीची चेष्टा. मी पॉश वाचलं आणि का खोटं ते सांगितलं. मग ‘सिन्सिअर’. मूर्तीतल्या भेगा मेणानं बुजवणारे लबाड कारागीर आणि ‘मेणाशिवाय’ म्हणजे प्रामाणिक, ही तुमची लाडकी गोष्ट. तीही कुणीतरी मागाहून रचलेली. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ नुसता शुद्ध, निर्भेळ, मेणाचा काही संबंध नाही. आता कुणी हसत नव्हतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, “बरं. आणखी?”

तिथं थांबायला हवं होतं. पण एकदा सुटले की मी कुणाला ऐकते? म्हटलं, “आणि बाई, हे ‘विडो’ आणि विधवा. दोन शब्द सारखे दिसले म्हणून नातं नसतं. हा नुसता योगायोग आहे. ओढूनताणून आणलेलं आहे हे.”

तुम्ही ते कार्ड माझ्या हातातून घेतलंत. उजेडाकडे धरलंत. म्हणालात, “हा शब्द मी आतून बघितलाय गं.”

तुम्ही एकतिसाव्या वर्षी एकट्या झालात हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. आणि तरी मी, बाई, त्या क्षणी काय केलं असेल तर कार्ड परत घेऊन गठ्ठ्यात सरळ लावलं. तुम्ही वाटी पुढे केलीत, “तिळगूळ घे,” म्हणालात, आणि पुढचं वाक्य म्हणाला नाहीत. मेट्रोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तुम्ही ते ‘गोड बोल’ गाळलंत. तरीही म्हटलं, जाऊ दे, खरं ते खरं.

आणि आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला सव्वा महिना लागला. फेब्रुवारीत मी ऑफिसमध्ये एका पुस्तकाचं काम करत होते, त्यासाठी मोठा कोश उघडला आणि समोर तेच. इंग्रजीतला विडो, लॅटिनमधला विदुआ, रशियनमधला व्दोवा आणि आपली विधवा, सगळे सख्खे. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेले. योगायोग कसला नि काय! तुमचं कार्ड अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मी न बघता लाल फुली मारली होती, कारण अकरा चुका सापडल्यावर बारावी असणारच असं मी धरून चालले. अल्ट्राक्रेपिडेरियन म्हणजे काय ते मला तुम्ही शिकवलंत आणि मी ते तुमच्याच घरात करून दाखवलं.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. वाटलं, हा एक मागे घेतला तर बाकीचे अकरा ढिले पडतील. वाटलं, त्या करतील आधी. वाटलं, पुढच्या रविवारी जाऊनच सांगू. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मी किती हट्टी आहे ते तुम्ही पाचवीपासून बघितलंय, पण इतकी असेन असं मलाही वाटलं नव्हतं. मेमध्ये एका सकाळी तुमच्या भाचीचा, मृणालचा फोन आला. मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. तिचं बोलून झालं आणि मी सातव्या मजल्यावर उतरायच्या ऐवजी तशीच खाली गेले, पुन्हा वर, पुन्हा खाली. गार्डनं विचारलं, “मॅडम, तबियत ठीक है?” मी म्हटलं, बिल्कुल. आणि तिथंच स्टुलावर बसून रडले. पहिल्यांदा शाळेतून घरी पाठवलं होतं तेव्हाही इतकी रडले नव्हते.

शोकसभा कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनातल्या एका खोलीत झाली. कूलरचा खडखडाट इतका की बोलणाऱ्याला ओरडावं लागत होतं. मी मागच्या रांगेत, कुणाच्या नजरेला नजर न देता. मला वाटत होतं की सगळ्यांना माहीत आहे, हीच ती, संक्रांतीवाली.

गिरीश पहिला उठला. मंत्रालयातला मोठा अधिकारी झालाय, केस पांढरे झालेत, पण तुमच्याबद्दल बोलायचं म्हणून हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, “मार्चमध्ये मला बाईंचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. म्हणाल्या, मीटिंगमध्ये आहेस? मग उठून बाहेर ये. तुला सहावीत पॉशची गोष्ट सांगितली होती, आठवते? ती चूक आहे. वही काढ. मूळ, माहीत नाही. लिही, माहीत नाही. लिहिलंस? वाचून दाखव.” तो म्हणाला, “वही कुठली, मी हातातल्या फाइलवरच्या कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं.”

खोलीत हलकासा हशा झाला. मग कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, “मला पण आला होता.” आणि तिच्या पलीकडून, “मला पण.” मग रियाज उठला. गुरुग्रामला मोठ्या आयटी कंपनीत आहे, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाला, “यार, मी ही गोष्ट पंधरा वर्षं माझ्या प्रेझेंटेशनमध्ये वापरतोय. क्लायंट खूश होतात. मी बाईंना म्हटलं, बाई, मी हे क्लायंटला सांगतो हो! तर म्हणाल्या, मग त्यांनाही फोन कर. आणि मी केले! सगळ्यांना नाही, पण सहा जणांना केले. एक तर म्हणाला, हा पहिला व्हेंडर ज्यानं स्वतःहून चूक सांगितली.”

मग गिरीशनं ते सांगितलं, जे मी विसरले होते. फळ्यावरची तुमची चूक कुणी दाखवली की तुम्ही ती हळूच पुसत नव्हतात. ती पुन्हा मोठ्या अक्षरात लिहायचात, सगळ्यांसमोर तिच्यावर एक आडवी रेघ मारायचात, आणि खाली बरोबर लिहायचात. चूक केली तेव्हा जे हजर होते ते सगळे दुरुस्तीला हजर पाहिजेत. कुणी त्या दिवशी तापानं घरी असला, तर आठवडाभर तो चौकोन तसाच ठेवायचात आणि तो आला की त्याला वेगळं उभं करून दाखवायचात. कसं विसरले मी हे?

म्हणजे बाई, संक्रांतीनंतर ते चार महिने, जेव्हा मी इथं नोएडात तोंड फुगवून बसले होते, तेव्हा तुम्ही तिथं एका जागी बसून जुन्या हजेरीतली पोरं शोधत होतात. कुणाचा नंबर कुणाकडून, कुणाचा कुणाकडून. गुडघे दुखत होते, ऐकू कमी येत होतं, आणि तुम्ही एकेकाला गाठून सांगत होतात की मी तुला चुकीचं शिकवलं.

रियाजनं तुम्हाला विचारलं होतं, बाई, पण ही चूक पकडली कुणी? तुम्ही म्हणालात, “माझ्याच एका मुलीनं. डोकं आहे तिला, पण जिभेला हाड नाही.” हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो संक्रांतीला आला नव्हता, बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. पण मी उठले. संक्रांतीला हजर असलेल्या चौदांपैकी नऊ जण त्या खोलीत होते, मी आधीच मोजले होते. मी पुढे जाऊन म्हटलं, ती मुलगी मी. पॉशबद्दल मी बरोबर होते. सिन्सिअरबद्दल बरोबर होते. विडोबद्दल मी चुकले होते, बाई बरोबर होत्या, आणि हे मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. कूलर खडखडत होता म्हणून मला ते दोनदा ओरडून सांगावं लागलं. उरलेल्या पाच जणांना दुसऱ्या दिवशी फोन केले.

तेवढं झालं. पण मन काही मोकळं झालं नाही. सगळ्यांना फोन केलेत, मग मला का नाही? मला गोष्ट ठाऊक होती म्हणून? की माझ्याशी बोलायचंच नव्हतं? हा प्रश्न घेऊन मी रोज उठत होते, दात घासत होते, मेट्रो पकडत होते.

मृणालनं घर आवरायला घेतलं आणि मला बोलावलं. माझ्या हातात एक वही ठेवली. पहाडगंजातल्या घाऊक दुकानातून तुम्ही डझनानं आणायचात त्यातली, निळ्या पुठ्ठ्याची. आत तुमची ती तिरकी, एकमेकांना न चिकटणारी अक्षरं. एकशे त्रेसष्ट नावं, वर्गवार. एकशे एकेचाळीस नावांपुढे टिक. मृणाल म्हणाली, “मावशी रोज दुपारी जेवण झालं की हे घेऊन बसायची. एखाद्यानं फोन उचलला नाही की चिडायची. म्हणायची, शाळेतही असाच गैरहजर असायचा.”

मी अर्थातच आधी माझं नाव शोधलं. आठवी ब, खालून चौथं. टिक नव्हती. पुढे पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं. “शुभांगी. हिला फोन नको. सगळे झाले की घरी बोलवायचं. जेवायला.”

मी ते मृणालला दाखवलं नाही. वही मिटून पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, ही मी नेते. तिनं पाण्याचा ग्लास आणून दिला. जिन्यात येऊन मी ते पुन्हा वाचलं. मग खालच्या मजल्यावर पुन्हा. जेवायला! अहो बाई, तुमच्या हातचं जेवण म्हणजे काय ते मला विचारा. आमटीत मीठ विसरायचात, भात तळाला लागायचा, आणि पोळी अशी की तिचा नकाशा कुठल्या देशाचा तेही ओळखू येऊ नये. आम्ही सगळे तुमच्याकडे यायच्या आधी घरून खाऊन यायचो. त्या जेवणाला मी उपाशी आले असते. अगदी आदल्या दिवसापासून.

तर एकवीस जण उरले होते. ते मी करायला घेतले. तुमच्यासारखंच, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या गच्चीवर.

पहिला फोन फरिदाबादच्या सरिताला. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी म्हटलं, बाईंच्या वतीनं बोलतेय, तुम्हाला पॉशची गोष्ट सांगितली होती ती चुकीची होती. ती म्हणाली, “कुठली गोष्ट? मला काहीच आठवत नाही गं. बाईंनी मला एकदा त्यांची शाल दिली होती ते आठवतं.” आता आली का पंचाईत! न आठवणारी चूक दुरुस्त कशी करायची? तीच म्हणाली, “तू असं कर, आधी ती चुकीची गोष्ट सांग, मग बरोबर सांग.”

म्हणून मी सांगितली. सुरुवातीला कशीबशी, दोन वाक्यांत. ती म्हणाली, “अशी नाही, बाई सांगायच्या तशी.” मग मी बाक हलवले, बोट केली, पूर्वेला निघाले, दक्षिणेचं ऊन आणलं, गार खोलीत श्रीमंतांना झोपवलं, तिकिटावर ठप्पा मारला. गच्चीवर सिगारेट ओढायला आलेली दोन पोरं बघत उभी राहिली. आणि बाई, मला कबूल केलं पाहिजे, ती गोष्ट सांगताना मजा येते. तुम्ही ती दर वर्गाला का सांगायचात ते मला सांगतासांगता कळलं. सरिता हसली, तिला एकदम शाल आणि बोट दोन्ही आठवलं. मग मी म्हटलं, आता लिहा. मूळ, माहीत नाही. तिकडून पेन शोधण्याचा आवाज आला.

एकवीसच्या एकवीस जणांना तशीच सांगितली, आधी पूर्ण खोटी, मग पूर्ण खरी. आणि पुस्तकही असंच होणार आहे, मी ठरवलंय. संक्रांतीला आपलं बोलणं अर्धंच राहिलं होतं ना, त्या अकरा गोष्टी ठेवायच्या की काढायच्या? दोन्ही नाही. सगळ्या छापायच्या, बोट, मेण, सगळं तुमच्या शब्दांत, वर एक आडवी रेघ मारून, खालचं वाचता येईल अशी. आणि त्याखाली बरोबर. विडोवरची माझी लाल फुलीही छापायची, तिच्यावरही रेघ, खाली माझं नाव. प्रकाशक कुरकुर करतोय, की वाचकांना वाटेल छपाईची चूक आहे. वाटू दे. तुम्ही असतात तर यावरून कदाचित भांडला असतात. त्या बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नसतं, आणि ते तुम्हाला आवडलं असतं.

मी तुम्हाला कधी थँक यू म्हटलं नाही. तुम्ही आम्हाला ते म्हणायला शिकवलंत, उच्चारासकट, पण तुम्हालाच म्हणायचं राहिलं. आता म्हणते. तुम्ही मला शब्द दिलेत, नोकरी दिलीत, आणि जिभेला हाड नसलं तरी चालतं, डोकं जागेवर पाहिजे, हा धीर दिलात. मी चुकले तेव्हा तुम्ही मला चारचौघांत खाली पाहायला लावलं नाहीत. तुम्हाला तेव्हाही माहीत होतं की कार्ड बरोबर आहे. एक वाक्य बोलला असतात तर माझी दातखीळ बसली असती. नाही बोललात. माझं मला सापडू दिलंत. हे मला फार लागलं, बाई, आणि फार बरंही वाटलं.

काल दुपारी शेवटचा फोन झाला. तीन दिवस उचलत नव्हता, शाळेतही असाच गैरहजर असायचा. वहीत टिक केली. आता माझ्या नावाशिवाय एकही नाव मोकळं नाही.

सगळे झाले, बाई. मी जेवायची थांबलेय.